दगडफुलाची वाटी

फरीदाबाद, ८ नोव्हेंबर २०२५

श्री. श्यामकांत कारखानीस यांस,
जयभीम.

मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत 'वाट्यांची गोष्ट' या शीर्षकाखाली आपण जो लेख लिहिला आहे, तो मी एकदा वाचक म्हणून व एकदा मुद्रितशोधक म्हणून वाचला. आपण लिहिता : "होळीच्या दिवशी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये व्याकरणाच्या एका चुकीवरून शामरावांनी माझ्यासमोर वाटी आपटली."

या एका वाक्यात चार चुका आहेत. त्या दिवशी होळी नव्हती. बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस होता आणि आदल्या दिवशीची खीर आपण मागून घेतली होती. सरोजिनी नगरची क्वार्टरे आपण दोघांनी निवृत्तीबरोबरच सोडली. हे घडले ते माझ्या फरीदाबादच्या स्वयंपाकघरात, आपल्या स्वतःच्या घरापासून दोन मजले खाली. वाद व्याकरणाचा नव्हता. आणि वाटी मी आपटली नाही. आपल्या कोपराचा धक्का लागून ती पडली. आपल्या वहिनी रमाबाई तेथेच उभ्या होत्या. त्यांना विचारले असता त्या म्हणाल्या, "वाटी कोणाच्या हातानं पडली ते मी नाही सांगत. पण आवाज तुमचाच मोठा होता." हे मत झाले, साक्ष नव्हे, म्हणून त्याची केवळ नोंद करून पुढे जातो.

स्मरणिकेच्या वाचकांना आपण वाद सांगितलात, पण वादाचा विषय सांगितला नाहीत. तो मी नोंदीसाठी लिहून ठेवतो. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गातील मुलांसाठी आपण दोघे एक पुस्तक सिद्ध करीत होतो : निरनिराळी शास्त्रे जगातील वस्तूंची वाटणी कशी करतात. व्याकरणाने शब्दांच्या आठ जाती केल्या, भूशास्त्राने खडकांचे तीन प्रकार केले, अभिधम्माने अवघे अस्तित्व चित्त, चेतसिक, रूप आणि निर्वाण या चार वर्गांत बसविले. पुस्तकाचा नियम एकच होता आणि तो आपणच सुचविला होता : वाटणी पूर्ण हवी. म्हणून प्रत्येक प्रकरण छापण्याआधी आपण त्याची परीक्षा घेत असू. जितके वर्ग तितक्या वाट्या मांडायच्या, ताटात खऱ्या वस्तू घ्यायच्या आणि वाटून टाकायच्या. एक वस्तू दोन वाट्यांत जाऊ लागली, तर वाटणी चुकीची. ताटात काही उरले, तर वाटणी अपुरी.

त्या दिवशी आपल्या प्रकरणाची, म्हणजे 'वनस्पतीचे भाग' याची परीक्षा होती. मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ, बी अशा वाट्या मांडल्या. रमाबाईंनी मसाल्यासाठी सामान काढले होते, तेच ताटात घेतले. तमालपत्र पानात गेले, दालचिनी सालीत, खसखस बियांत. लवंग ही कळी असल्याने फुलात. हळकुंड आपण खोडाच्या वाटीत टाकलेत, तेव्हा रमाबाई म्हणाल्या, "जमिनीतून काढतात ते मूळच. चाळीस वर्षं हळद घालते मी, मला शिकवता?" आपण हसत त्यांना हळकुंडावरचे डोळे दाखविलेत, ते फुटतात तेथून कोंब येतो हे सांगितलेत आणि त्यांनी ते मान्य केले. येथवर सर्व सुरळीत होते.

मग ताटात दगडफूल उरले.

ते मूळ नाही, खोड नाही, साल नाही, पान नाही. आणि नावात काहीही असो, फूलही नाही. आपण शांतपणे पेन काढलेत आणि प्रकरणाच्या शेवटी लिहिलेत : 'इतर : दगडफूल इत्यादी.' मी ती ओळ खोडली. 'इतर' हा वर्ग नव्हे. तो वर्ग करण्याचा कंटाळा होय, आणि 'इत्यादी' हा त्या कंटाळ्यावरचा शिक्का. त्यावर आपण म्हणालात, "शामराव, तुमचं केवलप्रयोगी अव्यय म्हणजे तरी काय? अहाहा, अरेरे, शी! ज्यांना वाक्यात कुठेच जागा नाही, ते सगळे एका खोलीत कोंबलेत आणि दारावर भारदस्त पाटी लावलीत!" यावर मी जे बोललो, त्याची येथे पुनरुक्ती आवश्यक नाही.

आपण प्रकरणाचे कागद घेऊन वर गेलात आणि पुढे चिरंजीव जयदीपकडे पुण्यास निघून गेलात. पुस्तकाची इतर प्रकरणे तयार आहेत. मंडळाच्या कार्यवाह वीणाताई यांस जानेवारीअखेर सर्व मजकूर हवा आहे. तरी आपले प्रकरण परत पाठवावे, अथवा पाठविणार नाही असे स्पष्ट लिहावे.

लेखाच्या शेवटी आपण "दिल्ली सुटली ती सुटलीच" असे म्हटले आहे. याचा अर्थ वरचे घर विकणार, असा घ्यावयाचा काय? किल्ली रमाबाईंजवळ आहे. गच्चीतील कुंड्यांना पाणीही त्याच घालतात. मी नव्हे.

आपला,
शामराव गजभिये

ता. क. लेखातील शुद्धलेखनाच्या चुका येथे दिलेल्या नाहीत. त्यांना स्वतंत्र पत्र लागेल.

फरीदाबाद, २५ नोव्हेंबर २०२५

श्यामकांतराव,
जयभीम.

माझ्या पत्राचे उत्तर आपण रमाबाईंच्या फोनवर पाठविलेत. पत्र ज्याचे असते, उत्तरही त्याचेच असावे, असा संकेत आहे. तो पुण्यात बदलला असल्यास कल्पना नाही. रमाबाईंनी ते मोठ्याने वाचून दाखविले : "वहिनी, त्यांना सांगा, 'इतर' राहील तर प्रकरण राहील. खोडाखोडी करणाऱ्याला माझा एकही कागद मिळणार नाही. आणि घराबद्दल जयदीपशी बोलणं चालू आहे." खाली हसऱ्या तोंडाचे एक चित्र होते. त्याचा वर्ग मला ठरविता आला नाही.

घरासंबंधीचे वाक्य रमाबाईंनी पुन्हा वाचले. मला पहिल्याच वेळी ऐकू आले होते.

माझी बाजू एकांगी ठरू नये, म्हणून मी तिसऱ्या शास्त्राचे मत घेण्याचे ठरविले. गेल्या रविवारी कोपर्निकस मार्गावरील जुन्या सदनात पोहे खाण्यास गेलो होतो. अहिल्याबाई नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी सारे आयुष्य ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालण्यात काढले, हे आपण जाणताच; पुस्तकातील ग्रंथालयाचे प्रकरण त्यांचेच आहे. मी त्यांना विचारले, "दहा वर्गांत मानवाचे सारे ज्ञान बसविता, मग जे कोठेच बसत नाही त्याचे काय करता?"

त्या म्हणाल्या, "त्याला आम्ही पहिल्या खणात बसवतो. शेवटी ठेवलं की लोकांना कळतं, हे उरलेलं आहे. पहिल्या खणात ठेवून 'सर्वसामान्य' असं नाव दिलं, की सगळे मान देतात."

"ही लबाडी झाली."

"ही लायब्ररी झाली, शामराव. तुम्ही पोहे खा, गार होताहेत."

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ते येणार आहेत का परत? समोरची खुर्ची वेटर सारखी उचलून नेतो. मी त्याला सांगते, अरे रहने दो." मी म्हणालो, मला कल्पना नाही. त्या म्हणाल्या, "भांडा हवं तेवढं, पण समोरासमोर भांडा. टपालखात्यावर कशाला बोजा?"

अहिल्याबाईंचा उपाय मी स्वीकारीत नाही. 'इतर'ला पहिल्या पंक्तीत बसविले, म्हणून त्याला स्वतःचे असे काही मिळत नाही. मात्र त्यांच्या बोलण्याने एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी समजत होतो की सर्व शास्त्रे एकाच प्रकारे पूर्ण असतात. तसे दिसत नाही. व्याकरणाची वाटणी पूर्ण आहे, कारण शब्द वाक्यात जे काम करतो त्यावरून ती केलेली आहे, आणि काम न करणारा शब्द आम्ही वाक्यात घेतच नाही (केवलप्रयोगी अव्ययाविषयी मी निराळा विचार करीत आहे). अभिधम्माची पूर्ण आहे, कारण पाहणारा, पाहण्याचे गुण, पाहिले जाणारे आणि या सर्वांपलीकडचे, असे चार सांगितल्यावर पाचवे बोलण्यास कोणी उरत नाही. ग्रंथपालांची पूर्ण आहे, कारण त्यांनी आधीच एक मोकळी खोली बांधून ठेवली. आणि आपली, वनस्पतिशास्त्राची? आपण एकदा म्हणाला होतात, "आमचं शास्त्र पुढच्या सहलीपर्यंत पूर्ण असतं." तेव्हा ते मला पळवाटेसारखे वाटले होते.

एवढेच. प्रकरण येणार नाही, हे मी वीणाताईंस अद्याप कळविलेले नाही. त्या सध्या कामात असतात.

पुण्यातील थंडीत आपल्या गुडघ्याचे कसे आहे, असे रमाबाई विचारतात. प्रश्न त्यांचा आहे. उत्तर मला लिहिले तरी चालेल.

शामराव

फरीदाबाद, ९ डिसेंबर २०२५

प्रिय श्यामकांतराव,
सप्रेम जयभीम.

गुडघ्याविषयीचे पोस्टकार्ड मिळाले. आपल्या हस्ताक्षरात मला उद्देशून आलेला हा जूननंतरचा पहिला कागद. मजकूर दोनच ओळींचा असला तरी दोन्ही ओळींत ऱ्हस्वदीर्घ बरोबर आहे. रमाबाई म्हणाल्या, "बघा, घाबरून लिहिलंय." मी म्हणालो, मनापासून लिहिलेले आहे.

सहा तारखेस बाबासाहेबांना अभिवादन करून परत येताना समता आमच्याबरोबर घरी आली आणि राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही नोव्हेंबरपासून एकाच मसाल्यावर बोलताय. चला, बाहेर जाऊ." आपल्या लेकीसमान पुतणीचा हट्ट आपल्याला ठाऊक आहे. फरीदाबादच्या मागे अरवलीच्या ज्या उघड्या टेकड्या आहेत, तेथे ती मला घेऊन गेली. भूशास्त्रज्ञ मुलगी असली की सहलीला बाग मिळत नाही, दगड मिळतात.

तिने एका कातळावर बसविले आणि विचारले, "हा कोणता, सांगा."

मी म्हणालो, "रूपांतरित." प्रकरण तिचे असले तरी संपादन माझे आहे.

"करेक्ट. आधी वाळू होती. तिचा गाळाचा खडक झाला. तो दबला, तापला, मग हा झाला. हा झिजला की पुन्हा वाळू. आमच्या वाट्या तीनच, बाबा, आणि चौथी लागत नाही. पण दगड एका वाटीतून उठून दुसरीत जाऊन बसतो. तुमचं व्याकरण हे चालू देईल?"

मी म्हणालो, अर्ज करावा लागेल. ती मोठ्याने हसली. मग सावलीच्या बाजूला हात टेकून उठताना मला तेथे काही खरखरीत लागले. राखाडी, पापुद्र्यासारखे, दगडाला घट्ट चिकटलेले.

"हे दगडाचेच रूप काय?"

"नाही, हे आमचं नाही. हे काकांचं. मसाल्यातल्या दगडफुलाचंच भाऊबंद. दिल्लीच्या हवेत फार दिसत नाही, इथे आडोशाला टिकलंय."

"काका म्हणतात, त्यांचेही नाही. कोठल्याच वाटीत जात नाही."

"कसं जाईल? तुम्ही दोघांनी विचारलं, हा झाडाचा कोणता भाग. पण हे झाडही नाही आणि भागही नाही. हे दोन जीव आहेत, बाबा. एक बुरशी आणि एक शेवाळ. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हातून जेवण करतं. दोघं मिळून उघड्या दगडावर राहतात. एकट्या-एकट्याला इथे टिकणं कठीण. मला एवढंच येतं, बाकी काकांना विचारा. फोन लावू?"

"नको."

"अच्छा. म्हणजे त्याच्यावर हात ठेवून बसून राहायचं, पण फोन नको. बिल्कुल ठीक."

श्यामकांतराव, मी तेथे बराच वेळ बसून राहिलो, हे खरे आहे. कारण भावनेचे नव्हते, तर्काचे होते. आपली वाटणी जेथे मोडली असे आपण दोघे समजत होतो, तेथे ती मोडलेलीच नव्हती. सात वाट्या बरोबर होत्या. त्या मांडण्यापूर्वी जो प्रश्न विचारावयास हवा होता, तो आपण विचारला नाही. ताटातील वस्तू आधी अशी वाटली पाहिजे : ही एका जीवाची आहे की एकाहून अधिक जीवांच्या सहवासाने झालेली आहे? एका जीवाची असेल, तर पुढे मूळ, खोड, साल. सहवासाची असेल, तर तिची वाटी वेगळी. एक किंवा एकाहून अधिक, यांच्याबाहेर काही उरू शकत नाही. वाटणी पूर्ण होते. 'इतर' लागत नाही.

आपण म्हणाल, ही दुसरी वाटी म्हणजे नाव बदललेले 'इतर'च. तसे नाही. 'इतर' म्हणजे जे काय नाही ते सांगणे. 'सहजीवी' म्हणजे जे काय आहे ते सांगणे. दगडफुलाला प्रथमच कोणीतरी होकार दिला.

म्हणून माझा निर्णय असा. आपली ओळ मी खोडली, ते योग्य होते. दगडफूल ताटातून गुपचूप उचलून डब्यात टाकण्यास आपण नकार दिलात, तेही तितकेच योग्य होते. डब्यात टाकावे, असे कोणी सुचविले होते, हे आता महत्त्वाचे नाही.

नवी वाटी मी मांडली आहे. तिच्यात काय काय बसेल, हे मला ठाऊक नाही; माझे काम वाटीच्या कडेपाशी संपते. आत आपण लिहावयाचे आहे. आपण न लिहिल्यास पुस्तकात ते पान कोरे जाईल. मी दुसऱ्या कोणास विचारणार नाही, असे वीणाताईंस सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच फोन करा ना त्यांना, काका." मी म्हणालो, फोनवर खोडता येत नाही.

घराविषयी जयदीपशी काय ठरले?

आपला,
शामराव

फरीदाबाद, ४ जानेवारी २०२६

प्रिय श्यामकांत,
सप्रेम जयभीम.

जाड लिफाफा काल मिळाला. टपालवाल्याने तो रमाबाईंच्या हाती दिला, त्यांनी तो हाताने तोलून पाहिला आणि आतूनच मला हाक मारली, "अहो, आलं बघा झाड!" चहा गार झाला, प्रकरण उभ्यानेच वाचले.

तुझे पत्र (पत्रात तू मला 'अरे' म्हटले आहेस, त्यास अनुसरून लिहितो) प्रकरणाहून मोठे आहे. "वाटी मान्य," असे पहिल्या ओळीत लिहून दुसऱ्या ओळीपासून तू तिच्यात जी भर घातली आहेस, ती वाचून मला आधी संताप आला आणि मग भूक लागली. तू लिहितोस : "पण अरे वैयाकरणा, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींचं काय करशील? त्यांत जिवाणू राहतात, हवेतला नत्र धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. म्हणजे गाठीही सहवासाच्याच. आता त्या नव्या वाटीत टाकल्यास तर मुळापासून तोडाव्या लागतील, आणि मुळाच्या वाटीत ठेवल्यास तर तुझा पहिला प्रश्न खोटा पडला. एक वस्तू दोन वाट्यांत! हे कागदावर सुटायचं नाही. ओल्या शेंगांचं उपटलेलं झाड समोर ठेवून तुला दाखवायला हवं. जयदीप म्हणतो, 'बाबा, तुम्ही इथे आल्यापासून एवढे खूश पहिल्यांदाच दिसताय, तर घराचं राहू द्या.' तेव्हा घर राहू दिलं आहे. अठरा जानेवारीला येतो. वहिनींना सांग, वाट्या मांडून ठेवा."

भुईमुगाच्या गाठींवर माझ्याजवळ उत्तर आहे. ते मी येथे देत नाही. तू ऐनवेळी बेत बदलशील.

रमाबाईंनी निरोप दिला आहे : "या म्हणावं भाऊजींना. पण यंदा वाट्या स्टीलच्या काढते." समता शेवाळ आणि बुरशी यांची चित्रे काढून देणार आहे. अहिल्याबाईंस मी आज सकाळी पोह्यांच्या वेळी बातमी सांगितली.  त्यांनी वेटरला बोलावून त्याच्यादेखत समोरच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. वीणाताईंनी प्रकरणासाठी फेब्रुवारीचा पहिला आठवडा दिला आहे. पुस्तक वेळेवर होणार नाही असे मला वाटते आणि त्याची खंत वाटत नाही.

तुझ्या घरात झाडलोट करून घेतली. पाणी तापविण्याचे यंत्र चालू आहे. गच्चीतील कुंड्यांविषयी तू लिहितोस की मी त्यांच्याशी बोलत असल्याचे छायाचित्र वहिनींनी तुला ऑक्टोबरातच पाठविले होते. हा आरोप मी नाकारतो. मी प्रत्येक कुंडीवरील तुझ्या पाट्यांचे शुद्धलेखन मोठ्याने तपाशीत होतो. पाणी मी घालीत होतो, एवढे मात्र खरे. रमाबाईंचे गुडघे तुझ्याहून वाईट आहेत आणि जिना मला चढवतो.

आता स्मरणिकेतील लेखाविषयी. वीणाताई पुढील अंकात शुद्धिपत्र छापण्यास तयार आहेत, पण दोघांच्या सह्या हव्यात. मजकूर खाली दिला आहे. अठरा तारखेस आल्यावर, भुईमुगाआधी, सही करावी.

तुझा,
शामराव

*शुद्धिपत्र*

शामराव गजभिये व श्यामकांत कारखानीस यांची पहिली भेट : लेखात १९८६, सरोजिनी नगरच्या बाजारात. वाचावे : १८ नोव्हेंबर १९८४, कोपर्निकस मार्गावरील सदनाचे उपाहारगृह, टेबल एकच रिकामे होते.

सरोजिनी नगरची क्वार्टरे सोडून दोघांनी फरीदाबादेस घरे घेतली : लेखात २००५. वाचावे : मार्च २००८. एकाच इमारतीत घ्यावीत, ही सूचना कारखानीस यांची.

पुस्तकाच्या कामास आरंभ : लेखात 'बऱ्याच वर्षांपूर्वी'. वाचावे : २६ जानेवारी २०२३, संचलन दूरदर्शनवर पाहताना, चित्ररथांचे प्रकार किती यावरून.

दगडफूल ताटात उरले : लेखात होळी, २०२५. वाचावे : १३ मे २०२५.

कारखानीस पुण्यास गेले : लेखात 'मेअखेर, कोणासही न कळविता'. वाचावे : २ जून २०२५, हजरत निजामुद्दीन स्थानकावरून. गजभिये फलाटावर होते. गाडी सुटेपर्यंत खांबामागे उभे राहिल्यामुळे दिसले नाहीत.

कारखानीस परत आले : लेखात उल्लेख नाही. वाचावे : १८ जानेवारी २०२६.

लेखाच्या शेवटी, चौकटीत : 'एक मैत्री, १९८६–२०२५'. वाचावे : १९८४–. रेघेनंतरचे साल ही चूक आहे. त्या जागी काहीही छापू नये.